३२-बिट एआरएमवर '__एईएबीआय_यूएलडिव्हमॉड अनडिफाइन्ड': शेवटी असं सुटलं

माझा लिनक्स कर्नल मॉड्यूल एक्स८६-६४ वर बिनतक्रार बिल्ड व्हायचा. ३२-बिट एआरएमसाठी मात्र सगळ्या फाइली कंपाइल होऊन अगदी शेवटी, मॉडपोस्टला (मॉड्यूलला लागणारी नावं कर्नलमध्ये आहेत का ते तपासणारी पायरी), वरची एरर: त्या नावाचं फंक्शनच सापडत नाही. मेक क्लीन केलं, टूलचेन बदलली, लिबजीसीसी (जीसीसी कंपायलरची मदतनीस लायब्ररी) जोडायचा प्रयत्न केला (तो मुळात चुकीचाच रस्ता). दोन रात्री गेल्या.

कारण साधं आहे: ३२-बिट एआरएममध्ये ६४-बिट भागाकाराची सूचनाच नाही. कंपायलर त्यासाठी लिबजीसीसीतलं फंक्शन बोलावतो आणि कर्नल लिबजीसीसी जोडत नाही. ३२-बिट एक्स८६ वर हेच '__यूडिव्हडीआय३' म्हणून दिसतं.

आधी प्रत्येक .ओ (कंपाइल झालेल्या) फाइलवर एनएम, म्हणजे फाइलमधली नावं दाखवणारं टूल, चालवून ते नाव कुठे येतं ते पाहिलं. मग त्या फाइलवर ऑब्जडम्प -डीआर (मशीन कोड वाचता येईल असा दाखवणारं टूल), त्यात ते नाव बोलावणारं माझं फंक्शन सापडलं. आत ओळ होती: यू६४ (६४-बिट, बिनचिन्ह संख्या) नॅनोसेकंद / रेट. लिनक्स/मॅथ६४.एच इन्क्लूड करून तिथे डिव्ह_यू६४(नॅनोसेकंद, रेट) लिहिलं. भाजक ६४-बिट असेल तर डिव्ह६४_यू६४ घ्या. डू_डिव्ह वापरणार असाल तर जपून: ते पहिल्या व्हेरिएबलमध्येच भागाकार भरतं आणि परत देतं ती बाकी!

पुन्हा मेक. एरर तीच, कारण खाली एक % (बाकी काढणारं चिन्ह, त्यालाही तोच भागाकार लागतो) राहिला होता. तिथे डिव्ह_यू६४_रेम टाकलं आणि .केओ (मॉड्यूलची अंतिम फाइल) तयार झाली.