धक्का झेलणाऱ्या लॉरीची देखभाल : या लाइनमध्ये येऊ पाहणाऱ्यांसाठी

मोटरवेवर रात्री काम चालतं तेव्हा कामगारांच्या मागे एक लॉरी उभी असते. वर बाणाचा दिव्यांचा फलक, मागे आडवी केलेली जाडजूड कुशन. डुलकी लागलेला कोणी बंद लेनमध्ये घुसलाच, तर त्याने माणसांना न उडवता या कुशनवर आदळावं, एवढ्यासाठी ती असते. इंग्लंडमध्ये तिला आयपीव्ही (इम्पॅक्ट प्रोटेक्शन व्हेइकल) म्हणतात, अमेरिकेत टीएमए (ट्रक माउंटेड अटेन्युएटर). मी आयटीआयचा डिझेल मेकॅनिक, इंग्लंडमधल्या एका डेपोत याच गाड्या बघतो. नव्या मुलांना माझं पहिलं सांगणं : इंजिनाच्या भरवशावर येऊ नका, हायड्रॉलिक आणि वायरिंग शिकून या.

इंजिनाचं दुखणंही इथे निराळं. गाडी किलोमीटर फार काटत नाही, पण रात्रभर जागेवर नाहीतर रांगत चालू असते. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबतो, फलक आणि पिवळे दिवे बॅटऱ्या पिऊन टाकतात. म्हणून सर्व्हिस किलोमीटरवर न लावता इंजिनाच्या तासांवर लावलेली बरी.

खरी मेख कुशनमध्ये. आत चेपण्यासाठीच बनवलेल्या पेट्या असतात; त्या चेपतात आणि धडकेची ऊर्जा खातात. अमेरिकेच्या ‘मॅश’ या धडक-चाचणीच्या मानकात वरच्या पातळीला 1,100 किलोची कार आणि 2,270 किलोचा पिकअप ताशी 100 किमीने कुशनवर आदळवून बघतात. खालची पातळी 70 ची. फरक तिसाचाच वाटतो, पण वजन तेच धरलं तर ऊर्जा दुप्पट होते. त्यामुळे कुशनवर कोणत्या पातळीची प्लेट आहे आणि गाडी कोणत्या रस्त्यावर जाणार आहे, हे दोन्ही बघा. यार्डात रिव्हर्स घेताना कोपरा ठोकला गेला असेल, तर ‘किरकोळ आहे’ म्हणून ठोकून सरळ करायचा नाही. चेपलेली पेटी एकदाच कामाची, ती बदलायची. कुशनवर मनाने भोक पाडणं, वेल्डिंग मारणं तर नकोच. जास्तीचा दिवा बसवायचा मोह सगळ्यांनाच होतो.

कुशन उभी-आडवी होते ती बिजागरी नीट बघा. होज, म्हणजे हायड्रॉलिक तेलाची रबरी नळी, दर वेळी तिथेच वाकतो. रबर घासून आतली तार चमकायला लागली की तो गेला समजा. गळती शोधायला होजवरून हात फिरवू नका. दाबाखालचं तेल बारीक छिद्रातून कातडीत घुसतं आणि बाहेरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं. पुठ्ठा धरा. उभ्या कुशनखाली जायचं तर यांत्रिक लॉक लावूनच, नुसत्या सिलिंडरच्या भरवशावर नाही. पिनांना क्लिपा आहेत का बघा. आडवी केल्यावर जमिनीपासूनची उंची पट्टीने मोजून मॅन्युअलशी ताडा. बॅलास्ट, म्हणजे लॉरी जड करायला ठेवलेलं वजन, नीट जखडलेला हवा, नाहीतर धडकेत तोच जागचा सुटतो.

कागदाला कंटाळणाऱ्याचं इथे काही खरं नाही. ड्रायव्हर रोज निघण्याआधी गाडीभोवती फिरून तपासणी करतो, आणि तपासणी-दुरुस्तीच्या नोंदी किमान 15 महिने ठेवाव्या लागतात. पण कागदात न येणारंही बरंच असतं. पहाटे परतलेल्या ड्रायव्हरला घरी जाण्याआधी गाठा. ‘कुशन उचलताना जरा अडली’ हे तो तोंडीच सांगतो.

नोकरी शोधताना इर्टेक या जड वाहनांच्या मेकॅनिकसाठीच्या प्रमाणपत्राला वजन आहे. लॉरी चालवायचं सी लायसन्सही काढून ठेवा. त्याशिवाय स्वतः दुरुस्त केलेली गाडी टेस्टला न्यायला दुसऱ्याची वाट बघावी लागते.