जबड्यापाशी तुटणारे कार्बन-इपॉक्सीचे नमुने

भोसरीच्या आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये एकदिश कार्बन-इपॉक्सीच्या (इपॉक्सी रेझिनमध्ये सगळे कार्बन तंतू एकाच दिशेने बसवलेल्या) पट्ट्या ताकद मोजण्यासाठी मशीनमध्ये ओढताना त्या मधोमध न तुटता, मशीन त्यांना जिथे पकडते त्या जबड्यापाशीच तुटत होत्या. तिथे मिळणारा आकडा मटेरियलची खरी ताकद सांगत नाही. तंतूंच्या दिशेने पट्टी जबरदस्त ताकदवान असते, पण आडव्या दाबाला नाजूक. जबड्याचे दाते थेट रुतले की तंतू तिथेच दुखावतात.

एएसटीएम डी३०३९ या कंपोझिटच्या ताण-चाचणीच्या मानकाप्रमाणे २५० बाय १५ मिमी पट्टीच्या टोकांना ५६ मिमी लांबीचे ग्लास-इपॉक्सी टॅब (जबड्याचा दाब झेलणारे तुकडे) चिकटवले, आतल्या कडेला ७ अंशांचा उतार दिला. त्याआधी दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून ॲसिटोनने पुसले. हे कंटाळवाणं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण टॅब सुटला की पट्टी वाया. जबड्यांची सरळ रेषा तपासली, जबड्यांच्या पकडीचा दाब पट्टी घसरू नये इतकाच ठेवला. आता पट्ट्या मधल्या भागात फुटतात, तंतूंचा अगदी झाडू होतो.