क्लीव्ह्ड कॅस्पेस-३ चा ब्लॉट, भर पावसाळ्यात

पेशी ठरवून मरू लागली की ३५ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपासचं कॅस्पेस-३ हे प्रथिन अ‍ॅस्पार्टेट १७५ पाशी तुटतं. ब्लॉटमध्ये (प्रथिनं जेलमधून मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने शोधण्याची चाचणी) क्लीव्ह्ड, म्हणजे तुटलेल्या, कॅस्पेस-३ ची अँटिबॉडी यातला मोठा तुकडा, म्हणजे १७ आणि १९ किलोडाल्टनचे बँड दाखवते. अखंड प्रथिनही हवं असेल तर 'टोटल' अँटिबॉडी वेगळी घ्या.

कोकणात येताना परशुराम किंवा आंबा घाटात दरड आली की पार्सल अडकतं, त्यामुळे मागणी मे संपायच्या आत टाकलेली बरी. बाटली आली की काही सेकंद सेंट्रिफ्यूज करा. थोडी अँटिबॉडी झाकणाला चिकटलेली असू शकते. ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर ती उणे २० ला गोठत नाही, तिथेच ठेवा. लाइट गेली की फ्रीझर उघडून बघत बसू नका. लाइट लांबली तर जेटीजवळच्या कारखान्यातला बर्फ थर्मोकोलच्या डब्यात भरा आणि बाटली झिपच्या पिशवीत घालून त्यात खुपसा.

पॉझिटिव्ह कंट्रोलला (बँड दिसायलाच हवा असा नमुना) जर्काट या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींना १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन (पेशी मारणारं रसायन) ३-४ तास द्या. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी घेऊ नका, त्यांच्यात कॅस्पेस-३ बनतच नाही. चिकटून वाढणाऱ्या पेशींचं माध्यम बदलून टाकण्याची सवय इथे नडते: मेलेल्या पेशी त्यातच तरंगत असतात. ते माध्यम ३०० जी ला ५ मिनिटं फिरवा आणि तळाच्या पेशी बाकीच्यांत मिसळा. जेलच्या प्रत्येक लेनला (रांगेला) ३० मायक्रोग्रॅम प्रथिन पुरे.

जेल १५ टक्क्यांचं. ते घट्ट होत नसेल तर आधी अमोनियम पर्सल्फेटवर, म्हणजे जेल जमवणाऱ्या पावडरीवर, संशय घ्या. आपल्या दमट हवेत ते ओल धरतं आणि निकामी होतं. ताज्या पावडरीवर पाणी टाकलं की बारीक तडतड ऐकू येते. ती नसेल तर बाटली फेका. चांगल्या पावडरीचं १० टक्के द्रावण छोट्या नळ्यांत भरून उणे २० ला ठेवून द्या.

मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉनचं पीव्हीडीएफ, आधी मेथॅनॉलमध्ये भिजवलेलं. ०.४५ मधून हा तुकडा आरपार निघून जाऊ शकतो. ट्रान्सफर १०० व्होल्टला तासभर, बर्फात. बिनसायीच्या दूध-पावडरीच्या द्रावणात तासभर ब्लॉक करा (मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा झाका), मग ५ टक्के बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) अँटिबॉडी साधारण १:१०००, रात्रभर ४ अंशांना. बाहेर टेबलावर ठेवू नका. आपल्याकडच्या ३० अंशांत पार्श्वभूमी काळी येते. बुरशीच्या भीतीने धुण्याच्या बफरमध्ये सोडियम अझाइड घालण्याचा मोह आवरा. एचआरपी (बँड उजळवणारं, दुसऱ्या अँटिबॉडीला जोडलेलं एन्झाइम) त्याने मरतं आणि फिल्म कोरी निघते. बफर रोज ताजं करा.

लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये प्रथिन सारखं भरलं का हे दाखवणारं प्रथिन) म्हणून जीएपीडीएच टाळा, त्याचा बँड ३६-३७ ला, म्हणजे अखंड कॅस्पेसच्या अगदी शेजारी येतो. बीटा-अ‍ॅक्टिन ४२ ला असतं, तरी तेही मेम्ब्रेन कापून वेगळंच करा.

जर्काटमध्ये बँड दिसतो आणि तुमच्या नमुन्यात नाही, तर अँटिबॉडी बदलू नका. ४, ८, १६ आणि २४ तासांचे नमुने घ्या. बऱ्याचदा क्लीव्हेज आधीच होऊन गेलेलं असतं आणि उशिराच्या नमुन्यात तुकडाही उरत नाही.