काळ्या घोड्याचा फोटो काळा येत असेल तर

बडोद्यात पाहुणे आले की कमाटीबागेत जाताना दरवाजापाशी सयाजीराव महाराजांच्या पुतळ्याचा, म्हणजे आपल्या काळ्या घोड्याचा फोटो काढतातच, आणि दहातले आठ फोटो नुसती काळी सावली. पुतळा 1907 चा, ब्राँझचा, गडद, आणि मागे पांढरंफेक आभाळ, मग फोन आभाळ बघून उजेड कमी करतो नि घोडा अजूनच काळा होतो. आभाळावर नाही तर घोड्याच्या पोटावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की बाजूला छोटा सूर्य येतो तो जरासा वर सरकवा, आभाळ फोटोत थोडं जास्तच पांढरं झालं तरी चालेल पण मानेचे स्नायू आणि लगाम दिसायला लागतात, खरी कारागिरी तिथेच आहे हो!

अगदी चौथऱ्याला चिकटून, फोन वर धरून फोटो काढू नका, घोड्याचं पोट मोठं आणि महाराजांचं डोकं लिंबाएवढं येतं. मागे जा, दोन एक्स झूम लावा. फक्त मागे सरकताना फुटपाथ सोडू नका, तिथे ट्रॅफिक भयंकर आहे.

फोटोआधी एक चक्कर मात्र नक्की मारा, सूर्य आपल्या पाठीशी किंवा एका खांद्यावर येईल ती बाजू निवडा. मला स्वतःला पावसाळ्यातली ढगाळ सकाळ सगळ्यात आवडते, सर नुकतीच थांबलेली असते आणि ओल्या ब्राँझवर कडेकडेने उजेडाची बारीक रेघ चमकते.