लाल दगड यूडियलाइटच आहे का, हे घरी कसे पडताळावे

ठाणे आणि नवी मुंबईत दगड जमवणाऱ्यांची सुरुवात बहुधा आसपासच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत मिळणाऱ्या स्टिल्बाइट, अपोफायलाइट यांसारख्या खनिजांपासून होते. पुढे केव्हातरी एखाद्या प्रदर्शनात करड्या दगडात रुतलेले डाळिंबी दाणे दिसतात, खालच्या चिठ्ठीवर ‘यूडियलाइट’ असे लिहिलेले असते आणि किंमत ऐकून हात आखडतो. असा तुकडा घेण्यापूर्वी, किंवा घेतलाच असेल तर घरी आणल्यावर, तो कसा तपासावा हे येथे सांगितले आहे.

यूडियलाइट हे सोडियम, कॅल्शियम, लोह आणि झिर्कोनियम यांचे गुंतागुंतीच्या रचनेचे सिलिकेट आहे. ग्रीनलंडमधील इलिमाउस्साक येथील नमुन्यांवरून जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्ट्रोमायर यांनी 1819 मध्ये त्याचे वर्णन केले. झिर्कोनियमचे नेहमीचे खनिज म्हणजे झिरकॉन, आणि ते इतके चिवट असते की डोंगर झिजून वाळू झाली तरी शाबूत राहते. यूडियलाइटचे नेमके उलटे आहे: ते अम्लात सहज विरघळते, आणि त्याच्या नावाचा ग्रीक अर्थही ‘सहज विघटन पावणारे’ असाच आहे.

हे खनिज ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगरात का सापडत नाही, हे समजून घेतले तर ओळख पटवण्याचे अर्धे काम होते. साध्या शिलारसात झिर्कोनियम सिलिकाशी जुळून झिरकॉन बनते. परंतु ज्या शिलारसात ॲल्युमिनियमच्या मानाने सोडियम आणि पोटॅशियम जास्त असतात, त्यात झिरकॉन विरघळलेल्या स्थितीतच राहते. रस थिजत जातो तसतसे झिर्कोनियम उरलेल्या रसात साठत जाते आणि अखेरच्या टप्प्यावर सोडियम, कॅल्शियम व क्लोरीन यांना बरोबर घेऊन यूडियलाइटच्या रूपाने स्फटिकते. आपला काळा दगड, म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, या जातीचा नाही. असे शिलारस जगातच थोडे आहेत: रशियाच्या कोला द्वीपकल्पातील खिबिनी आणि लोवोझेरो, कॅनडातील माँ सां-इलेर, स्वीडनमधील नोरा कार ही त्यांची प्रसिद्ध ठिकाणे. भारतात पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यातल्या सुशिना टेकडीच्या नेफेलीन सायेनाइटमध्ये, म्हणजे फेल्स्पार आणि नेफेलीन या खनिजांच्या खडकात, ते आढळले आहे. कोलाच्या मूळ रहिवासी सामी लोकांत हा लाल रंग लढाईत पडलेल्या पूर्वजांच्या रक्ताचा मानतात, आणि विक्रेते ही कथा दगडाच्या गुणधर्मांपेक्षा जास्त तपशिलाने सांगतात.

म्हणून आधी लाल दाण्याकडे न पाहता त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहावे. पांढरे फेल्स्पार, तेलकट चमकेचे करडे किंवा हिरवट नेफेलीन आणि काळपट हिरव्या सुयांसारखे एजिरीन ही मंडळी सोबत असतील तर शक्यता चांगली. नेफेलीन आणि गारगोटी एकाच शिलारसातून सोबत स्फटिकत नाहीत, तेव्हा मूळ खडकात गारगोटी दिसली तर संशय वाढावा. लाल दाण्यांभोवती अभ्रक चकाकत असेल तर ते दाणे बहुधा गार्नेटचे असतात. रंगावर मुळीच विसंबू नये. यूडियलाइट गुलाबी, किरमिजी, तपकिरी, अगदी पिवळसरही असते.

खरा निवाडा विशिष्ट गुरुत्वाने, म्हणजे दगड तेवढ्याच घनफळाच्या पाण्याच्या किती पट जड आहे यावरून होतो, आणि त्याला स्वयंपाकघर पुरते. यूडियलाइटचे विशिष्ट गुरुत्व साधारण 2.75 ते 3.1, तर त्याच्यासारख्या दिसणाऱ्या गुलाबी-लाल खनिजांपैकी ऱ्होडोनाइटचे 3.4 ते 3.7, ऱ्होडोक्रोसाइटचे 3.7 च्या आसपास, अल्मंडाइन गार्नेटचे 4 च्या वर आणि झिरकॉनचे 4.6 च्या पुढे असते. 0.1 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा घ्यावा. केकसाठी वापरतात तो 1 ग्रॅमचा काटा येथे उपयोगाचा नाही, कारण 14 च्या जागी 15 दिसले तरी उत्तर बिघडते. प्रथम कोरड्या दगडाचे वजन लिहून ठेवावे. मग पाण्याने अर्धा भरलेला पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा, दगड बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा हाताने लटकता धरावा आणि काट्यावरचा आकडा वाचावा. हा आकडा म्हणजे दगडाचे घनफळ. पहिल्या वजनाला त्याने भागले की झाले. पंखा बंद ठेवावा, नाहीतर आकडा ठरत नाही. दगडाला चिकटलेले बुडबुडे भांड्याच्या साबणाचा एक थेंब पाण्यात टाकून सोडवावेत.

माझ्या एका तुकड्याचे वजन 41.6 ग्रॅम आणि पाण्यातला आकडा 14.5 आला, म्हणजे 2.87. वाशीच्या एका प्रदर्शनात यूडियलाइट म्हणून घेतलेल्या दुसऱ्या तुकड्याचे वजन 52.3 आणि आकडा 14.7 आला, म्हणजे 3.56, तो ऱ्होडोनाइट निघाला, आणि त्यातल्या काळ्या रेषा एजिरीनच्या नसून मँगॅनीज ऑक्साइडच्या आहेत हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. दगडात करडा भाग जास्त असेल तर मात्र ही मोजणी फसवी ठरते, कारण नेफेलीन आणि फेल्स्पार 2.6 च्या आसपास असल्याने सरासरी खाली ओढतात. जवळजवळ निव्वळ लाल तुकडाच निवडावा.

काठिण्य मोहो मापश्रेणीवर (1 सर्वांत मऊ, 10 सर्वांत कठीण) 5 ते 6 आहे, त्यामुळे गारगोटीच्या टोकाने यूडियलाइटवर ओरखडा उठतो, गार्नेटवर सहसा उठत नाही. ऱ्होडोक्रोसाइट तर चाकूनेच सहज खरवडले जाते. कस, म्हणजे खरखरीत फरशीवर घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग, पांढरा येतो, पण गार्नेटचाही तसाच येत असल्याने त्यावर वेळ घालवू नये.

अम्लाची कसोटी सर्वांत पक्की असली तरी ती घरी करू नये. हायड्रोक्लोरिक अम्लात यूडियलाइटची पूड विरघळून सिलिकाचा चिकट, खिरीसारखा गोळा तयार होतो. या खनिजात झिर्कोनियम ऑक्साइड साधारण 10 ते 14 टक्के आणि जोडीला विरल मृत्तिका (रेअर अर्थ) मूलद्रव्ये असूनही ते खाणउद्योगाला जड जाते, त्याचे एक कारण हाच गोळा आहे. तो गाळण्या तुंबवतो. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा असलेले महाविद्यालय ओळखीचे असेल तर भुरभुरलेला कण तेथे न्यावा.

काही नमुन्यांत थोडे युरेनियम आणि थोरियम असते. कपाटात ठेवण्यास त्यामुळे अडचण नाही, परंतु दगड कोरडा कापू किंवा घासू नये आणि पिण्याच्या पाण्यात मुळीच टाकू नये. यूडियलाइट हा आता एका मोठ्या खनिजगटाचा प्रतिनिधी मानला जातो आणि त्यातील नेमके कोणते खनिज आपल्याकडे आहे हे रासायनिक विश्लेषणाशिवाय कळत नाही, म्हणून चिठ्ठीवर ‘यूडियलाइट गट’ एवढेच लिहून त्याखाली मोजलेले विशिष्ट गुरुत्व, सोबतची खनिजे आणि विक्रेत्याने सांगितलेले ठिकाण ‘सांगितल्याप्रमाणे’ असा शेरा मारून नोंदवावे.