नव्या मुख्यसेविकेसाठी : पैसा रजिस्टरवरून येतो

मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी, म्हणून रुजू झाले, तेव्हा निधी मंत्रालयातून येतो आणि आपण तो वाटायचा, एवढंच मला माहीत होतं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये फिरायला लागल्यावर कळलं, की ज्या मुलाचं नाव सेविकेच्या सर्व्हे रजिस्टरमध्ये आहे, त्याच्याच आहाराची मागणी वर जाते.

माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या भागात, नाल्याकडेला ताडपत्रीच्या झोपड्यांची रांग होती. "ती माणसं आज आहेत, उद्या नाहीत, मॅडम," असं म्हणून सेविकाताईंनी तो भाग सोडून दिला होता. दिवसा सगळी नाक्यावर कामाला, म्हणून आम्ही दोघी संध्याकाळी गेलो. दीड वर्षाच्या एका मुलीच्या दंडाला घेर मोजायची पट्टी लावली, तर ११.२ सेंटिमीटर. ११.५च्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. आम्ही नाव विचारलं, तर आईने मुलीला मागे ओढलं. "लिहून घेताय, म्हणजे झोपडी तोडायला येणार का?"

हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. तिथे घाई करू नका. रजिस्टर मिटून खाली बसा, आहाराचं पाकीट दाखवा, लसीचं बोला. आम्हाला तीन खेपा लागल्या, मग नाव मिळालं.

आता हिशोब. पूरक आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. २०१७च्या दराने मुलामागे दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित असेल तर १२, वर्षाचे ३०० दिवस. रक्कम तुटपुंजी आहे, हे मला आजही टोचतं. पण नाव नसेल तर तेवढंही नाही. म्हणून दंडघेर आणि वजन अंदाजाने भरू देऊ नका. स्वतः समोर उभं राहून घ्या.

दुसरी अडचण खोलीची. महानगरात अंगणवाडीच्या भाड्याची मर्यादा बरीच वर्षं महिना ६,००० रुपये होती. तेवढ्यात मिळायची ती दहा बाय दहाची, खिडकी नसलेली खोली. भाडं थकलं की मालक कुलूप लावतो, आणि सेविका स्वतःच्या मानधनातून भरते. हे मी पाहिलंय. भाड्याचा प्रस्ताव कधी पाठवला, कुठे अडला, याची नोंद तुमच्याच वहीत ठेवा आणि दर बैठकीत विचारा.

अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५मध्ये देशभरात ३३ ठिकाणी सुरू झाली, त्यातलं एक धारावी होतं. तरी नव्याने वसलेल्या वस्त्या अजून बाहेर राहतात. त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००६चा आदेश पाठ करून ठेवा : सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या झोपडवस्तीने मागणी केली, तर तीन महिन्यांत अंगणवाडी मिळायला हवी. अर्ज वस्तीतल्या बायकांच्या सह्यांनी करायला सांगा, सोबत मुलांची यादी जोडा, आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय त्यांना कार्यालयातून परतू देऊ नका. तीन महिने त्या शिक्क्यावरच्या तारखेपासून मोजायचे असतात.