थायलंड-मलेशियाला व्हिसा नको, पण मग काय काय पाहिजे? कोल्हापूरकरांसाठी सगळी तयारी

उसाचं बिल जमा झालं आणि पोरांच्या परीक्षा संपल्या की आपल्याकडं भिशीच्या ग्रुपवर, तालमीच्या ग्रुपवर एकच विषय, थायलंडला व्हिसा लागत नाही, मलेशियाला लागत नाही, चला जाऊया की. लागत नाही हे खरंय. पण नुसता पासपोर्ट आणि पैसे खिशात टाकून विमानात बसलं असं होत नाही, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा अडवणारा तिकडचा ऑफिसर नसतोच, मुंबईत एअरलाइनच्या चेक-इन काउंटरवरच गाडी अडकते. कारण तिकडं तुम्हाला आत घेतलं नाही तर परत आणायची जबाबदारी त्या एअरलाइनवर येते आणि दंड पण बसू शकतो, म्हणून काउंटरवरचा माणूस टिमॅटिक नावाच्या सिस्टीममध्ये बघतो, कुठल्या देशाला कुठला कागद पाहिजे ते सगळं त्यात असतं, त्यातलं एखादं जरी तुमच्याकडं कमी असलं तर बोर्डिंग पास विसरा. तिथं आवाज चढवून काही होत नाही, आमदाराला फोन लावून तर अजिबातच नाही.

सुरुवात पासपोर्टपासनं करा. तिकडं पोचायच्या दिवशी त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक पाहिजे, एक्सपायरीच्या आधी परत येणारंय म्हणून चालत नाही. मुदत संपत आली असेल तर रिन्यू करायला टाका, मोठ्या माणसांचा पासपोर्ट संपायच्या वर्षभर आधीपासनं रिन्यू करता येतो. पुण्याला जायची गरज नाही, कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, ऑनलाइन अपॉइंटमेंट घ्यायची, 36 पानी साध्या पासपोर्टला फी 1500 रुपये. लहान पोरांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो हे लोकांच्या ध्यानातच राहत नाही, आईबापाचे एकदम ओके आणि पोराचा संपलेला. आणि 2019 च्या, 2021 च्या महापुरात कपाटातली कागदं भिजलेली घरं आपल्याकडं कमी नाहीत, त्यातला पासपोर्ट वाळवून ठेवला असेल तर एकदा नीट उघडून बघा, फोटोचं पान फुगलंय, शाई पसरलीय, शिलाई सुटलीय असं असेल तर तो घेऊन जाऊ नका, डॅमेज म्हणून नवीन काढा.

मग नावाचा घोळ. तिकीट पासपोर्टवरच्या नावानंच, स्पेलिंग सकट. वहिनींचा पासपोर्ट माहेरच्या आडनावाचा आणि ग्रुपचं बुकिंग करणाऱ्यानं टाकलं सासरचं आडनाव, हे लई वेळा होतं. बुकिंग करणाऱ्याला नावं टाइप करून पाठवू नका, सरळ पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा.

आता देश. थायलंडनं जुलै 2024 मध्ये आपल्याला व्हिसाशिवाय 60 दिवस दिले, पण तो आकडा कमी करायचं तिकडं नंतर बोललं गेलंय, त्यामुळं तिकीट काढायच्या दिवशी त्यांच्या वकिलातीच्या साइटवर एकदा बघाच. मलेशिया 30 दिवस, ती सवलत 31 डिसेंबर 2026 पर्यंत जाहीर केलेली आहे. फिलिपिन्सनं जून 2025 पासनं 14 दिवस दिलेत, कझाकस्तान पण 14. मॉरिशस आहेच, हनिमूनवाल्यांचं. आणि बालीचं मात्र गैरसमजात जाऊ नका, तिथं फुकट नाही, उतरल्यावर व्हिसा मिळतो पण 5 लाख रुपिया भरून, म्हणजे त्यांचे रुपिया, घाबरू नका. केनियाला पण व्हिसा काढून टाकला म्हणतात पण आधी ऑनलाइन परवानगी काढून पैसे भरावे लागतात, शिवाय पिवळ्या तापाची लस घ्यायची ती जायच्या किमान 10 दिवस आधी, नाहीतर परत आल्यावर आपलेच लोक क्वारंटाइनमध्ये बसवतील. जुन्या यादीवर भरवसा ठेवू नका. सर्बियानं 2023 च्या सुरुवातीला आपली सूट काढली, इराणनं नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या याद्यांत दोन्ही अजून बिनधास्त आहेत.

नेपाळ-भूतानचं वेगळंच. यात्रा कंपनीबरोबर पशुपतिनाथला जाणारे आजी-आजोबा आधार कार्ड घेऊन निघतात. विमानानं नेपाळला जायचं तर पासपोर्ट किंवा मतदान ओळखपत्र पाहिजे, आधार चालतं ते फक्त 65 च्या वरच्यांना आणि 15 च्या आतल्यांना. म्हणजे आजोबा 70 चे, आजी 63 च्या असतील तर आजोबा जातील आणि आजी विमानतळावर राहतील. भूतानला पण पासपोर्ट किंवा मतदान कार्डच, आणि भारतीयांना माणशी एका रात्रीला 1200 रुपये सरकारी फी आहे, चार जणांच्या आठवड्याचा हिशोब आधीच मांडा.

ऑनलाइन अरायव्हल कार्ड, म्हणजे पोचायच्या आधी नेटवर भरायचा प्रवाशाच्या माहितीचा फॉर्म, ही आत्ताची सगळ्यात मोठी फसण्याची जागा. थायलंडचं टीडॅक 1 मे 2025 पासनं सक्तीचं झालंय, मलेशियाचं एमडॅक त्याच्याही आधीपासनं आहे, दोन्ही पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची. आणि दोन्ही फुकट! गुगलवर शोधलं की वर जाहिरातीत ज्या साइट येतात त्या हुबेहूब सरकारी दिसतात आणि माणशी पैसे मागतात, ग्रुपचं भरायला बसलात तर चांगलाच चुना लागतो. पत्त्याच्या शेवटी थायलंडचं गो डॉट टीएच आणि मलेशियाचं गव्ह डॉट एमवाय असलं तरच पुढं जा. भरून झालं की क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढा, एक प्रिंट पण घ्या, मोबाईलची बॅटरी त्याच वेळी संपणार हे ठरलेलं असतं.

बरोबर फाइलमध्ये परतीचं तिकीट, सगळ्या रात्रींचं हॉटेल बुकिंग (नुसतं पहिल्या रात्रीचं नको, मित्राकडं राहणार असाल तर त्याचा पत्ता आणि नंबर), आणि थोडे पैसे कॅश, कारण ऑफिसर दाखवा म्हणू शकतो. एकटी आई किंवा एकटा बाप पोराला घेऊन चालला असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र नोटरी करून घ्या, विचारतीलच असं नाही पण विचारलं तर तिथं कुठला वकील आणणार.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असा शेरा असतो. अशांना नोकरीला काही ठरावीक देशांत जायचं असेल तर सरकारची परवानगी लागते, आणि त्या यादीत थायलंड आणि मलेशिया दोन्ही आहेत. फिरायला जायला ती परवानगी लागत नाही, पण भारतातला इमिग्रेशनवाला जरा जास्त चौकशी करतो. शेतकरी मामा-काका लोकांनी गडबडून जायचं नाही, फिरायला चाललोय, इतके दिवस, हे परतीचं तिकीट, एवढंच. पोरांनी मध्ये तोंड घालू नये.

जायचं कसं. आपल्या उजळाईवाडी विमानतळावरनं परदेशाचं विमान नाही, म्हणजे मुंबई, गोवा नाहीतर पुणे. कोल्हापूर-मुंबई विमानाचं तिकीट वेगळं आणि पुढचं वेगळं काढलं असेल तर पहिलं लेट झाल्यावर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही, पावसाळ्यात तर ही रिस्क नकोच, आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस किंवा ट्रॅव्हल्स पकडा आणि दिवसभर मुंबईत काढा.

आणि हो, कांदा-लसूण मसाला. आपली मंडळी डबा भरून घेतातच, पण घरच्या मसाल्यात खसखस असते आणि ती सिंगापूर, दुबईत बंदी असलेल्या अमली पदार्थात धरतात, तिकडनं कनेक्टिंग विमान असेल तर डबा घरीच ठेवा. सिंगापूरला तंबाखू, गुटखा पण चालत नाही. थायलंडला व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, नेऊ नका, पोरांनो.

तिकडच्या काउंटरवर थोडक्यात उत्तर द्या, टुरिझम, इतके दिवस, हे हॉटेल. काम, बिझनेस असले शब्द उगाच काढू नका, भाच्याच्या दुकानात मदत करणारंय असं तर गमतीतही म्हणू नका. शिक्का मारून दिला की तिथंच बाजूला होऊन त्यावरची शेवटची तारीख वाचा, दिवस उतरल्याच्या तारखेपासनंच मोजतात. थायलंडमध्ये मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला 500 बात (तिकडचं चलन) दंड आहे, जास्तीत जास्त 20,000 पर्यंत, आणि तो परत निघताना विमानतळावरच भरायला लागतो, म्हणून शेवटच्या दिवसाचे बात सगळे शॉपिंगमध्ये उडवू नका.